नाकाचे ऑपरेशन झाले, तरी श्वास का कोंडतो?



नाकाचा पडदा वाकडा आहे, आत मास वाढले आहे, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी किंवा पुण्यास जाऊन ऑपरेशन करून येणारी माणसे आता जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी भेटतात. बहुतेकांना गुण येतो. पण काहींची तक्रार राहतेच, "पैसे गेले, दुखणे सोसले, तरी श्वास मोकळा नाही." असे का होते व त्यावर उपाय काय, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

नाकाची शस्त्रक्रिया आपल्या मुलखाला नवी नाही. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविले. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली. ती वाचून पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज डॉक्टरने तिकडे तसेच ऑपरेशन केले. त्या हकिकतीत एक बारीकशी नोंद आहे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत, म्हणजे श्वासाची वाट बुजत नसे. नाक नीट करणे हे निम्मे काम, वाट मोकळी राखणे हे उरलेले निम्मे, हे त्या कारागिरालाही ठाऊक होते. आज आपण चुकतो ते या दुसऱ्या निम्म्यात.

नाक म्हणजे नुसते भोक नव्हे. आत दोन्ही अंगांना मासल गाद्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्या हवा गरम करतात, ओली करतात, धूळ अडवतात. चारी गाळाने भरली तर पाणी पुढे सरकत नाही हे खरे, पण चारी वाजवीपेक्षा रुंद खोदली तर पाणी पसरते आणि त्याचा जोर जातो. नाकाचेही तसेच आहे.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे आत सूज व खपल्या असतात. त्या दिवसांत नाक चोंदणारच, घाबरू नये. पूर्ण भरून यायला काही महिने लागतात. त्यानंतरही श्वास कोंडत असेल, तर कारण शोधले पाहिजे. नेहमीची कारणे अशी :

१) आतली जखम भरताना दोन बाजू एकमेकींना चिकटतात. वेळेवर तपासणीस गेल्यास डॉक्टर त्या सोडवतात.

२) पडदा थोडा वाकडाच राहतो किंवा त्याला भोक पडते. भोक लहान असेल तर श्वास घेताना शिट्टी वाजते.

३) श्वास ओढताना नाकपुडीची बाजू आत बसते. गाल बोटाने हलकेच बाजूला ओढल्यावर मोकळे वाटले, तर ही शंका घ्यावी. कुर्चेचा आधार देऊन ती दुरुस्त करता येते.

४) मूळ ॲलर्जी तशीच असते. पडदा सरळ झाला म्हणून पाचटाचा धूर, बगॅसची धूळ, कांद्याच्या चाळीतला फुफाटा सोसतोच असे नाही. त्याला डॉक्टरी फवारा नियमाने घ्यावा लागतो.

५) नाक मोकळे करणारे थेंब दुकानातून आणून महिनोन्‌महिने घालतात. चार-पाच दिवसांपलीकडे ते घातले, की नाक उलट जास्त चोंदते.

६) गाद्या फार कापल्या गेल्या, तर नाक आतून मोकळे दिसते, पण रोग्याला गुदमरल्यासारखे होते, नाक कोरडे पडते, झोप उडते. याला 'एम्प्टी नोज', म्हणजे रिकामे नाक, म्हणतात. हा प्रकार थोड्यांनाच होतो, पण तो मनाचा खेळ नव्हे. घरच्यांनी "तुला काही झालेले नाही" म्हणून त्यास झिडकारू नये. नाक ओले राखणे, मलम आणि गरज पडल्यास आतली जागा पुन्हा भरून घेणे असे उपाय आहेत. मन खचले असेल तर त्याचेही औषध घ्यावे.

घरी करण्याजोगे मुख्य काम म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. ते कधीपासून करायचे हे डॉक्टरांना विचारावे. एक लिटर पाण्यास सुमारे दीड चहाचा चमचा मीठ पुरते. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. विहिरीचे, बोअरचे किंवा पाटाचे तसेच वापरू नये. निदान दोन-तीन आठवडे जोरात नाक शिंकरू नये, शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी, उसाच्या मोळ्या उचलू नयेत. तपकीर व विडी बंद. थंडीत कोरडेपणा वाढतो, तेव्हा जास्त जपावे. तेल-तूप मनाने नाकात सोडू नये. ते फुप्फुसात उतरू शकते.

रक्त थांबत नसेल, नाकातून पाण्यासारखे सारखे गळत असेल, डोळा सुजला किंवा दिसण्यात फरक पडला, ताप व असह्य डोकेदुखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तक्रार राहिली म्हणून लगेच दुसऱ्या ऑपरेशनला उभे राहू नये. जुने कागद, सीटी स्कॅन घेऊन आधी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जावे. समाधान झाले नाही तर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवावे. ऑपरेशनपूर्वीही विचारून घ्यावे, "गाद्या किती काढणार? तपासणीला किती वेळा यायचे?" हे विचारण्यात कसला अपमान नाही.

पुष्कळ सभासद तोडीच्या गडबडीत तपासणीची तारीख चुकवतात. ऊस एक दिवस उशिरा गेला तर चालेल, ती तारीख चुकवू नका, एवढीच आमची विनंती आहे.