बेकरीची बाराखडी – ९ : मफिन आणि मावा केक

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की मेरवान्सचं केकचं दुकान लागतं. इथला मावा केक पाहून परगावचा पाहुणा हमखास म्हणतो, "अरे, मफिन!" अंधेरीकर लगेच त्याला दुरुस्त करतो. दुरुस्ती अगदी बरोबर असते, पण का ते विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. या आठवड्यात त्याचाच उलगडा करू.

मुळात इंग्लंडातला मफिन गोडही नव्हता आणि केकही नव्हता. यीस्टने फुगवलेल्या सैल पिठाची जाड चकती तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची, मधोमध उघडायची आणि लोणी लावून खायची. हॅना ग्लास यांच्या 1747 च्या पाककृतींच्या पुस्तकात ती कृती आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनचे मफिनवाले डोक्यावर पाट घेऊन, घंटी वाजवत गल्लोगल्ली फिरत. आपल्याकडे त्यांचा भाऊबंद शोधायचा तर तो पहाटे सायकलवरून लादीपाव आणणारा पाववाला.

आज काचेच्या कपाटात दिसतो तो घुमटाच्या डोक्याचा मफिन अमेरिकन. त्याचा जन्म घाईतून झाला. यीस्टचं पीठ फुगायला तास-दोन तास लागतात. 1843 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने यीस्ट न सोसणाऱ्या बायकोसाठी बेकिंग पावडर तयार केली. पुढे अमेरिकेत ती कारखान्यात बनू लागली आणि गृहिणींची वाट पाहण्यातून सुटका झाली. मग मका, कोंडा, ब्लूबेरी, जे हाताशी असेल ते पिठात पडलं.

आता कृतीतला फरक पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे. मफिनसाठी कोरडं साहित्य एका भांड्यात आणि दूध, अंडं, तेल दुसऱ्यात घ्यायचं. दोन्ही एकत्र करून चमच्याने जेमतेम ढवळायचं. गुठळ्या राहिल्या तरी चालतात. त्या मोडत बसलात तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, मफिन चिवट होतो आणि आत लांबट बोगदे पडतात. केकमध्ये उलट लोणी आणि साखर भरपूर फेसून आधी हवा भरायची. मावा केक या दुसऱ्या घराण्यातला आहे. फेसलेल्या लोण्यात अंडी, मैदा, वेलची आणि कुसकरलेला मावा जातो. मावा म्हणजे आटवून घट्ट झालेलं दूध. त्यातली स्निग्धता आणि प्रथिनं केकला जड, ओलसर ठेवतात, म्हणून तो चहात न बुडवताही घशाखाली उतरतो. ही इराणी बेकऱ्यांची देणगी. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या 1914 च्या बी. मेरवानमध्ये सकाळी उशीर केला तर तो हाती लागत नसे.

अंधेरीतच लिंक रोडच्या बाजूला मोंजिनीज या केक कंपनीचा कारखाना आहे. फोर्टातल्या मोंजिनी बंधूंच्या दुकानाचं नाव पुढे खोराकीवाला कुटुंबाकडे आलं आणि अंधेरीतून घराघरात पोहोचलं. अंडं न खाणारं गिऱ्हाईक मुंबईत मोठं, त्यामुळे बिनअंड्याचा मफिनही इथे चांगलाच रुळला आहे. त्यात अंड्याचं काम दही आणि खायचा सोडा करतात: आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. मात्र मिश्रण लगेच भट्टीत जायला हवं, नाहीतर वायू निघून जातो. हल्ली नाचणीचे मफिनही दिसतात. नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे थोडा मैदा किंवा कणीक न घातल्यास ते हातात भुगा होतात. (पौष्टिक म्हणून विकताना साखर किती घातली, हे मात्र कुणी सांगत नाही.)

ओळखायची खूण सोपी आहे. मोडून आतली जाळी पाहा. जाळी भरड आणि वेडीवाकडी असेल तर मफिन. बारीक, एकसारखी असेल तर केक. या खुणेने पाहिलं तर कॉफीच्या दुकानांत मफिन म्हणून मिळणारे बरेच चॉकलेटी प्रकार कागदी कपातले केकच ठरतात, आणि तेही मावा केकच्या कितीतरी पट किमतीला. माझं मत मावा केकला.

पुढच्या आठवड्यात: नानकटाई.