दारू न पिणाऱ्याच्या लिव्हरवर चरबी कशी?

पाचवे शील पाळतो, दारूला हात लावत नाही, तरी सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ कसे? रहाटणी-काळेवाडीतून चाकण, भोसरीला पाळ्यांनी कामाला जाणाऱ्या आपल्या तरुणांना हा प्रश्न पडतो. त्यातले काही तर अंगाने किडकिडीत असतात.

किडकिडीत असणे ही खात्री नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2!

आता पेशीत काय घडते ते पाहू. पेशी आपले जुने, मोडके भाग एका पिशवीत गुंडाळते, पाचक रसांच्या कप्प्यात नेऊन विरघळवते आणि सुटा माल पुन्हा वापरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. ती कोणत्या जनुकांवर चालते हे यीस्टमध्ये शोधणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले. लिव्हरच्या पेशी साठलेले चरबीचे थेंबही याच वाटेने मोडतात, हे 2009 मध्ये दिसून आले.

मात्र हे काम उपाशीपोटी जोरात चालते. खाल्ले की इन्सुलिन वाढते आणि सफाई मंदावते. रात्रपाळीत दर दोन तासांनी गोड चहा, मध्ये वडापाव, पहाटे कोल्ड्रिंक, म्हणजे सफाईला सवडच नाही. शिवाय साखरेतल्या फ्रुक्टोजची चरबी लिव्हरच बनवते. चरबी साचली की सफाई आणखी ढिली पडते, मोडकी मायटोकॉन्ड्रिया तशीच राहतात, सूज येते. काहींच्या बाबतीत पुढे व्रण आणि सिरॉसिस.

अष्टशीलातले विकालभोजन वर्ज्य करणे आठवेल. ते शील आहे, लिव्हरचे औषध म्हणून सांगितलेले नाही. आणि माणसांत उपवासाने ऑटोफॅजी नेमकी किती वाढते, हे मोजणे अजून अवघड आहे. पक्के आहे ते साधेच: वजन जास्त असेल तर 7 ते 10 टक्के घटवल्याने लिव्हरची चरबी आणि सूज उतरते. चहातली साखर आणि कोल्ड्रिंक आधी बंद करा, पाळीत एकच नीट जेवण घ्या, मटकी-हरभऱ्याची उसळ, भाकरी चालेल, आणि रोज चाला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. साखर एकदम उतरून मशीनवरच चक्कर येऊ शकते.