जेम्स व्हाइट डेव्हिस यांची कबर
जेम्स व्हाइट डेव्हिस (१८२६–१८९९) हे न्यू यॉर्कच्या निकरबॉकर या आद्य बेसबॉल क्लबचे खेळाडू व अध्यक्ष होते. त्यांची कबर ब्रुकलिनमधील ग्रीन-वुड दफनभूमीत आहे. आपल्या कबरीवरील स्मृतिशिलेसाठी प्रत्येक व्यावसायिक खेळाडूने १० सेंट द्यावेत, अशी विनंती त्यांनी १८९३ मध्ये एका पत्राद्वारे केली होती. शिलेवरील मजकूरही स्वतःच रचला होता. मात्र मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळ ती कबर शिलेविना राहिली. याच दफनभूमीत बेसबॉल पत्रकार हेन्री चॅडविक यांचे भव्य स्मारक आहे. अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेच्या (सेबर) पुढाकाराने २०१६ मध्ये डेव्हिस यांच्या कबरीवर त्यांनीच रचलेल्या मजकुराची शिला बसवण्यात आली. त्यामुळे भेट देणाऱ्यांना ती ओळखता येऊ लागली.