टूल नंतर, आधी प्रश्न!

‘गेल्या महिन्याच्या सेल्सचा रिपोर्ट काढून दे ना!’ इंटर्नशिपला गेलात की हे वाक्य कानावर पडणारच. डेटा डेटाबेसमध्ये पडून असतो आणि साहेबांना हवा असतो रंगीत डॅशबोर्ड. मग मित्रांच्या ग्रुपवर वाद रंगतो, पॉवर बीआय भारी की टॅब्लो?

जरा थांबा. टूल ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला, रिपोर्ट किती जण बघणार? पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण तो फक्त विंडोजवर चालतो. शिवाय रिपोर्ट ऑफिसात शेअर करायचा म्हटलं, की सहसा माणशी लायसन्सचे पैसे मोजावे लागतात. मेटाबेस किंवा सुपरसेटसारखी ओपन सोर्स टूल्स लायसन्सशिवाय वापरता येतात. पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतोच. म्हणजे फुकट काहीच नाही!

दुसरा, डेटा कुठून उचलणार? ज्या डेटाबेसवर काउंटरचं बिलिंग चालतं, त्याच्यावरच वर्षभराच्या हिशेबाची जडशीळ क्वेरी टाकलीत, तर बिलं अडकतील आणि ग्राहक रांगेत ताटकळतील. म्हणून रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी कॉपी मागा. लॉगिनही फक्त वाचण्यापुरतंच घ्या.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, डेटा जाणार कुठे? टॅब्लो पब्लिक पोर्टफोलिओसाठी मस्त आहे, पण तिथे पब्लिश केलेलं काम सगळ्या जगासाठी असतं. पॉवर बीआयमधल्या ‘पब्लिश टू वेब’चंही तेच. ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर तिथे गेले तर नुसती बोलणी खाऊन भागणार नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झालाय.

आणि हो, ‘सेल्स’ म्हणजे आलेल्या ऑर्डर की जमा झालेले पैसे, हेही विचारून घ्या. दोन विभागांनी दोन अर्थ धरले तर कुठलंही महागडं टूल दोन वेगळे आकडेच दाखवणार.

मग शिकायचं काय? एसक्यूएल! १९७०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा आजही बहुतेक टूल्सच्या पोटात चालते. टूल्सचे मालक बदलतात, २०१९ मध्ये टॅब्लो सेल्सफोर्सने विकत घेतलं. पण डेटाबेसला नेमका प्रश्न विचारता आला, तर कुठल्याही कंपनीत गेलात तरी नवं टूल हाताला बसायला वेळ लागत नाही.