ओसरीवर आलेली शाळा

जालन्याहून भोकरदनकडे जाणारा रस्ता राजूरचा गणपती मागे टाकून पुढे गेला की पूर्णेच्या काठी केदारखेडा लागते. कापूस, मका, तूर आणि रब्बीची ज्वारी यांवर जगणाऱ्या या टापूतील घरे हिवाळ्यात दिवसा सहसा रिकामी असतात. मोठी माणसे रानात, मुले शाळेत आणि म्हातारी माणसे पारावरच्या उन्हात, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. २०२०-२१ चा हिवाळा या रीतीला अपवाद ठरला. त्या हिवाळ्यात घर दिवसभर भरलेले राहिले. या भरलेल्या घराचा भार नेमका कोणी वाहिला, हा प्रश्न मात्र साथ ओसरल्यावर कोणी फारसा विचारला नाही.

मराठी मुलखाला साथी नव्या नाहीत. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि पुढील काही वर्षांत गावोगाव पसरला. उंदीर पडू लागले की घराला कुलूप लावावे आणि रानात झोपडी घालून राहावे, हा त्या काळच्या लोकांचा अनुभवाने ठरलेला उपाय होता. धोका घरात होता आणि आसरा माळावर. कोरोनाने हे गणित नेमके उलटे केले. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने घर हाच एकमेव आसरा ठरविला. वैद्यकीय दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. परंतु ‘स्वतंत्र खोलीत विलगीकरण’ ही सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहरातले घर असावे. पुढे ओसरी, आत माजघर, कोपऱ्यात चूल आणि मागे गोठा अशी ज्या घराची रचना, त्याने स्वतंत्र खोली आणावी कोठून? पुण्या-मुंबईहून परतलेल्या मुलाला खेड्यातील कित्येक घरांनी शेतातल्या खोपीत ठेवले आणि तेथे डबा पोहोचविला. सव्वाशे वर्षांपूर्वीची तोड अशी पुन्हा कामी आली. तो डबा बांधणारे हात कोणाचे होते, हे सांगावयास नको.

१५ सप्टेंबर २०२० रोजी राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. आशा कार्यकर्त्या आणि त्यांच्या जोडीला अनेक ठिकाणी शिक्षक दारोदार गेले. ताप मोजला, रक्तातील प्राणवायू मोजला, मधुमेह आणि रक्तदाबाच्या नोंदी घेतल्या. या कामाचे मोल निर्विवाद आहे. घोषणेतील पहिला ‘माझे’ सर्वांचा होता यातही शंका नाही. दुसरा ‘माझी’ मात्र घरोघर एकाच व्यक्तीच्या वाट्याला आला. वारंवार हात धुवावेत, हे खरे. पण ते पाणी कोणीतरी भरून आणावे लागते आणि डिसेंबरच्या गारठ्यात पऱ्हाट्या-तुराट्यांच्या जाळावर तापवावेही लागते. काढा उकळावा लागतो. सासऱ्याला खोकला झाला की त्याचे अंथरूण वेगळे करावे लागते. गडीमाणसांचा बाजार आणि पार बंद झाला की त्यांच्या चहाच्या वेळा वाढतात. त्यातच सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरीप झोडपून काढले होते. जो कापूस हाती लागला, त्याच्या वेचणीलाही तिलाच जावे लागे. घरात माणसे वाढली म्हणून कामाला हात वाढले, असे क्वचितच घडले.

सर्वांत अवघड ओझे शाळेचे होते. दवाखाना आणि देऊळ घरात सामावून घेण्याची आपल्याकडे सवय तरी आहे; शाळेची नाही. शिक्षक फोनवर अभ्यास पाठवीत होते, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली होती. प्रयत्नांत कसूर नव्हती. परंतु ‘असर’च्या २०२० मधील पाहणीनुसार ग्रामीण भारतात पटावरील ६१.८ टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. आणि घरी असणे म्हणजे मुलाच्या हाती असणे नव्हे. घरात फोन एक, तो सकाळी बापाच्या खिशातून रानात जाणार आणि दिवेलागणीला परत येणार; मग थोरल्याचा बीजगणिताचा धडा आणि धाकटीची बाराखडी यांत निवड कोणी करायची? ती आईच करी, आणि बहुधा थोरल्याच्या बाजूने. यात तिचा दोष काढणे अन्यायाचे होईल. थोरला दहावीच्या उंबरठ्यावर होता.

शालेय पोषण आहाराचे तसेच झाले. शिजलेल्या खिचडीऐवजी कोरडा शिधा घरी आला. धान्य पोहोचले, हे चांगलेच झाले. मात्र रोज दुपारी शाळेत होणारी पंगत बंद पडली आणि त्या शिध्याला घरातली आणखी एक चूल लागली.

जानेवारी २०२१ च्या मध्यात तीन दिवस लागोपाठ असे आले की त्यांतून सारा काळ दिसावा. १४ तारखेला संक्रांत, १५ ला राज्यातील १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान आणि १६ ला देशभर लसीकरणाचा प्रारंभ. मतदानाच्या रांगा लागल्या. प्रचाराच्या बैठकाही भरल्या होत्या. हळदीकुंकवाला मात्र अनेक घरांनी यंदा नको म्हटले. पुरुषांचा पार निवडणुकीने पुन्हा गजबजला, तेव्हा बायकांना वर्षातून एकदा मिळणारी, वाण लुटण्याच्या निमित्ताने चार घरी जाऊन बसण्याची संध्याकाळ साथीच्या नावाने गेली. तीळगूळ घरच्या घरी वाटला गेला.

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून भरू लागले होते. पहिली ते चौथीची पाळी त्या वर्षी आलीच नाही. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला. त्याला दुसरा पर्याय नव्हता, हे मान्य केले तरी त्या निर्णयाने धाकटीची बाराखडी पुरी झाली नाही. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशातील ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्केच निघाली. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ होते.

ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुलगी त्या थंडीत पहिल्यांदा वर्गात बसली. हजेरीपटावर ती दुसरीत होती. पाटीवर मात्र तिला आईने गिरवून घेतलेली तेवढीच अक्षरे येत होती, आणि महिना-सव्वा महिना जातो न जातो तोच, जानेवारीत, शाळा पुन्हा बंद झाल्या.