बारीचे पहिले चार सेकंद

पुण्याजवळच्या मोशीला लागून असलेल्या चिखलीत मे 2022 मध्ये बैलगाडा शर्यत झाली, तेव्हा बक्षिसांत चक्क जेसीबी होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी दिली होती. सगळा पट्टा उधाणला होता. बैलांनी पळायचं आणि मालकाने जेसीबी घरी न्यायचा! शास्त्राच्या तराजूत ही देवघेव कशी दिसते?

घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवर, निकाल सेकंदांवर लागतो. समजा, 120 मीटरचा घाट गाड्याने 12 सेकंदांत मारला. अंतर भागिले वेळ, म्हणजे सेकंदाला 10 मीटर, ताशी 36 किलोमीटर. निवेदकाच्या ‘भिर्रर्र’पुढे आकडा फिकाच वाटतो. पण ही झाली सरासरी. गाडा सुटतो तेव्हा वेग शून्य असतो, म्हणजे पुढे कुठेतरी बैल 36 च्या वर गेलेलाच असणार.

किती वर? वेग बारीभर, म्हणजे गाड्याच्या एका अख्ख्या धावेत, सारखा वाढत गेला असं धरलं, तर शेवटी तो सरासरीच्या दुप्पट, ताशी 72 निघतो. एवढं बैलाला झेपायचं नाही. तो सुरुवातीलाच वेग धरतो आणि मग टिकवतो. 4 सेकंदांत धरला म्हणू. मग वेग येतो सेकंदाला 12 मीटर: पहिल्या 4 सेकंदांत 24 मीटर, उरलेल्या 8 सेकंदांत 96. त्वरण म्हणजे वेगातली वाढ भागिले वेळ, इथे 12 भागिले 4. दर सेकंदाला वेगात 3 मीटरची भर.

सुरुवातीचे हे सेकंद विसरले की गफलत होते. फेब्रुवारी 2020 मध्ये कर्नाटकातल्या कंबळात, म्हणजे रेड्यांच्या शर्यतीत, श्रीनिवास गौडा रेड्यांमागे 142.5 मीटर 13.62 सेकंदांत धावले. बातम्यांनी त्रैराशिक मांडून 100 मीटरला 9.55 सेकंद काढले आणि त्यांना थेट उसेन बोल्टच्या पुढे नेऊन बसवलं. त्रैराशिकाला सुटतानाचा संथपणा कळत नाही.

आता शक्ती. 400 किलोचा बैल सेकंदाला 12 मीटर वेगाने पळतो, तेव्हा त्याची गतिज ऊर्जा, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मी, 28,800 ज्यूल भरते. ती 4 सेकंदांत आली, म्हणजे 7,200 वॅट. 746 वॅटचा एक हॉर्सपॉवर, तेव्हा बैल साडेनऊच्या वर गेला! घाटाचा चढ आणि गाड्याचं वजन तर मी धरलेलंच नाही. जेम्स वॅटने घोडा मोजला तो तासन्‌तास काम करणारा. दिवसभर नांगर ओढणारा बैलही जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर देतो. घाटातला बैल स्नायूंतली शिल्लक एकदम उधळतो.

गाड्याला जुंपलेल्या चार बैलांचे मिळून अडतीस-एक हॉर्सपॉवर होतात. जेसीबीचे पंचाहत्तरच्या आसपास, पण त्याचं वजन साडेसात टन. किलोमागे पाहिलं तर बैल 18 वॅट, जेसीबी साडेसात. घाटाला दोघांना जुंपलं तर जेसीबी मागेच राहील. मात्र तेच बैल सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामाला लावले, तर त्या पंचाहत्तरसमोर चौघांचे मिळून दोन.