फेल्ट: न विणलेले कापड

फेल्टची फुले, ब्रूच, किचेन घरी करणाऱ्यांपैकी अनेकांना वाटते, की फेल्ट म्हणजे जाड विणीचे लोकरी कापड. हा समज वीण आणि लोकर या दोन्ही अंगांनी तपासायला हवा. फेल्टमध्ये उभे-आडवे धागे नसतात. तंतू एकमेकांत गुंतून त्याचा थर बनतो. आठवडाभर न विंचरलेल्या केसांत गुंता होतो, तसेच काहीसे.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम साबणाचे पाणी टाकून लोकर चोळली, की हे खवले परस्परांत अडकतात, तंतू आवळतात आणि पुन्हा सुटत नाहीत. काश्मीरचा नमदा (दाबून, मळून घट्ट केलेल्या लोकरीची सतरंजी) असाच होतो. आपले घोंगडे मात्र मागावर विणलेले, त्यामुळे ते फेल्टमध्ये मोडत नाही.

फेल्टची पाकळी कापली तर कडेला सुटा धागा निघत नाही. म्हणून कड दुमडून शिवावी लागत नाही. नवशिक्यांना हे काम जमते ते मुख्यतः यामुळेच.

आता लोकरीविषयी. स्टेशनरीच्या दुकानातले स्वस्त, रंगीत फेल्ट बहुधा पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिकचे असते. या तंतूंना खवले नसल्याने सुईछेद पद्धत (दातेरी सुया वरखाली टोचून तंतू गुंतवणे) वापरतात. त्यात वाईट काही नाही. शाळेच्या प्रकल्पाला ते उत्तमच. फक्त त्यावर कडक इस्त्री फिरवू नका, ते आक्रसते किंवा वितळते. आणि जुना ॲक्रिलिक स्वेटर कितीही उकळला तरी त्याचे फेल्ट होणार नाही.